सोलर बॅटरीची पेटी हवेशीर करताना या चुका टाळा

पेटीला चार भोकं पाडली की ती हवेशीर झाली, असं मलाही वाटायचं. माझ्या पहिल्या पेटीला मी दोन्ही बाजूंना, मधोमध, एकाच उंचीवर भोकं पाडली होती. काही महिन्यांनी झाकण उघडलं तर आतून बिजागऱ्या गंजलेल्या होत्या. भोकांपासून झाकणापर्यंत वीतभर जागा उरली होती आणि तिथली हवा कधी हललीच नव्हती. हायड्रोजन साचतो तो नेमका तिथेच.

लेड-ॲसिड बॅटरी, मग ती पाणी घालायची ट्युब्युलर असो की साधी, चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात वायू सोडते. प्रत्येक सेल (बॅटरीतला २ व्होल्टचा एक कप्पा) साधारण २.३५ ते २.४ व्होल्टच्या वर गेला, म्हणजे १२ व्होल्टची बॅटरी १४.१ ते १४.४ व्होल्टच्या पुढे गेली, की आत येणारा प्रवाह प्लेटांत साठण्याऐवजी पाणी फोडायला लागतो. दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन बाहेर पडतो. हायड्रोजनला रंग नाही, वास नाही. हवेत तो ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात पेट घेतो. त्यासाठी लागणारी ठिणगी इतकी बारीक असते की ती डोळ्याला दिसत नाही, बोटाला जाणवत नाही. म्हणून प्रमाण १ टक्क्याच्या आत ठेवायचं, हा या कामातला पक्का दंडक आहे.

मात्र हा वायू हवेपेक्षा सुमारे १४ पट हलका आहे. त्याला ढकलावं लागत नाही, वाट मिळाली की तो आपणहून वर जातो. पेटीतल्या बहुतेक चुका ही वाट बंद करणाऱ्याच असतात.

भोक आहे, पण जागा चुकलेली

ताजी हवा तळाशी आत आली पाहिजे आणि वायू अगदी वरच्या टोकातून बाहेर गेला पाहिजे. दोन्ही तोंडं समोरासमोरच्या बाजूंना हवीत, म्हणजे हवा सगळ्या बॅटऱ्यांवरून फिरून जाते. नुसतं वर भोक ठेवलं आणि खाली काहीच नसलं, तर बाहेर जाणाऱ्या वायूची जागा घ्यायला नवी हवा येत नाही आणि सगळं मंदावतं.

झाकण सपाट असेल तर कोपरे अडचणीचे ठरतात. झाकणाला थोडा उतार द्या आणि उताराच्या सर्वात उंच टोकाला बाहेरचं तोंड काढा. झाकणाच्या आतून मजबुतीसाठी पट्ट्या मारल्या असतील तर दोन पट्ट्यांमध्ये वायूचे खिसे तयार होतात. त्या पट्ट्या बाहेरून मारा, नाहीतर त्यांना वरच्या बाजूने खाचा पाडा.

पाइप लावणार असाल तर तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत चढता हवा. भिंत चुकवायला मध्येच खाली वळवलेला पाइप मी बऱ्याच ठिकाणी पाहिला आहे. त्या वळणात दंव साचतं आणि पाण्याचा बूच बसतो. बाहेरून पाइप धडधाकट दिसतो, आतून बंद असतो. दुसरं टोक कुठे उघडतं हेही बघा. खिडकीखाली, जिन्यात, पोटमाळ्यावर किंवा गॅसच्या गीझरजवळ ते नको. उघड्यावर काढा, वर पावसाची टोपी बसवा आणि टोपी व तोंड यांच्यात भरपूर फट ठेवा.

किती मोठं तोंड पुरेल?

इथे अंदाज न करता हिशेब करावा. बॅटरीच्या सुरक्षेसाठीच्या आयईसी ६२४८५-२ या आंतरराष्ट्रीय मानकात त्याची सोपी रीत आहे. सेलची संख्या, बॅटरीचे एएच (अँपिअर-तास, म्हणजे तिची क्षमता) आणि दर एएचमागे वायू करणारा प्रवाह मिलिअँपिअरमध्ये, या तिन्हींचा गुणाकार करा. त्याला ०.०५ ने गुणा आणि १००० ने भागा. उत्तर येतं ते तासाला किती घनमीटर ताजी हवा लागेल याचं. वायू करणारा प्रवाह पाण्याच्या बॅटरीला बूस्ट चार्जिंगमध्ये, म्हणजे जास्त व्होल्टेजने भरताना, २० धरतात; फ्लोटवर, म्हणजे भरलेली बॅटरी नुसती राखताना, ५. सीलबंद, पाणी न घालायच्या बॅटरीला (व्हीआरएलए) अनुक्रमे ८ आणि १.

उदाहरणार्थ, ४८ व्होल्टची, २०० एएचची, पाण्याच्या बॅटऱ्यांची बँक, म्हणजे एकत्र जोडलेला संच, घ्या. सेल २४. बूस्टच्या हिशेबाने तासाला ४.८ घनमीटर हवा लागते. पंखा न लावता नैसर्गिक हवेवर भागवायचं असेल तर हा आकडा २८ ने गुणायचा. येतात १३४ चौरस सेंटीमीटर. एवढं तोंड खाली आणि तेवढंच वर. म्हणजे प्रत्येक बाजूला साधारण साडेअकरा सेंटीमीटर लांबी-रुंदीचा चौकोन. एक इंची पाइपचं तोंड जेमतेम ५ चौरस सेंटीमीटर असतं, हे लक्षात घेतलं की फरक समजतो. दोन बँका समांतर जोडल्या तर एएच दुप्पट धरा, तोंडही दुप्पट होईल.

एवढं तोंड जास्त वाटत असेल तर उलट बाजूने बघा. याच बँकेतून बूस्टच्या वेळी, मानकातला सावध आकडा धरला तर, तासाला सुमारे ४० लिटर हायड्रोजन निघतो. पेटीत बॅटऱ्या सोडून २०० लिटर मोकळी जागा असेल आणि ती घट्ट बंद असेल, तर ४ टक्क्यांची पातळी गाठायला १२ मिनिटं पुरतात.

आणि हे १३४ चौरस सेंटीमीटर मोकळे हवेत. किड्यांची बारीक जाळी किंवा झरोक्याच्या तिरप्या पट्ट्या लावल्या की बरीच जागा त्यांनीच व्यापलेली असते. जाळी हवीच, कारण गांधीलमाशा आणि कोळी अशा पाइपात हमखास घर करतात. म्हणून तोंड जाळी धरून मोठं करा आणि दर महिन्याला टॉर्च मारून बघा.

पेटीत किंवा पेटीवरच इन्व्हर्टर

सगळ्या चुकांत मला सर्वात जास्त भीती हिची वाटते, कारण ती दिसायला व्यवस्थित दिसते. खाली बॅटऱ्या, वर फळी, फळीवर इन्व्हर्टर, वायर आखूड, सगळं एका कपाटात. पण वर चढणारा हायड्रोजन थेट इन्व्हर्टरच्या पंख्यात जातो आणि आत रिले (आपोआप चालू-बंद होणारे स्विच) टकटक करत ठिणग्या देत असतात. सोबत येणारे ॲसिडचे तुषार सर्किट खातात, ते वेगळंच.

इन्व्हर्टर, चार्ज कंट्रोलर (पॅनेलकडून बॅटरीत जाणारी वीज सांभाळणारा), ब्रेकर, फ्यूज, स्विच, सॉकेट यातलं काहीही बॅटरीच्या पेटीत नको, वायूच्या वाटेवर नको. वरच्याच मानकात बॅटरीच्या वायू सोडणाऱ्या भोकापासून ठिणगीची वस्तू किती लांब हवी याचंही सूत्र आहे. २०० एएचच्या पाण्याच्या बॅटरीला ते बूस्टमध्ये सुमारे ४६ सेंटीमीटर येतं. मी किमान अर्धा मीटर धरतो आणि शक्यतो वस्तू शेजारी ठेवतो, वर नाही. केबल पेटीतून बाहेर येते ते भोक खालच्या बाजूला घ्या आणि ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारं बूच) लावून बुजवा. नाहीतर वायू केबलच्या नळीतूनच इन्व्हर्टरपर्यंत जातो.

पंखा लावला आणि धोका वाढला

पंखा वाईट नाही, पण तो कुठला आणि कुठे हे महत्त्वाचं. कार्बन ब्रशची मोटर फिरताना सतत ठिणग्या देते. असा पंखा वरच्या तोंडाला लावणं म्हणजे पेटीतल्या सगळ्या वायूला ठिणगीसमोरून जायला लावणं. ब्रशलेस पंखा घ्या, तो खालच्या तोंडाला बसवा आणि बाहेरची हवा आत ढकलू द्या. मग पंख्यातून फक्त ताजी हवा जाते.

तो केव्हा चालू होतो? हाताने चालू करायचा पंखा विसरला जातो, तापमानावर चालणारा थंड दिवशी बंद राहतो. वायू तर व्होल्टेज वाढल्यावर निघतो. त्यामुळे बरेच चार्ज कंट्रोलर देतात ती व्होल्टेजवर चालणारी जोडणी वापरा आणि वायू सुटायच्या व्होल्टेजच्या जरा आधीच पंखा सुरू होऊ द्या. आणि पंखा बंद पडला तरी वायू वर निघून जाईल इतकी नैसर्गिक वाट ठेवाच.

पेटीला दोष, चूक चार्जिंगची

पाणी महिन्याभरातच उतरतंय, बॅटऱ्यांच्या माथ्यावर ओल आहे, टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशीसारखी भुकटी चढते आहे. अशा वेळी लोक आणखी भोकं पाडतात. आधी चार्ज कंट्रोलरची सेटिंग बघा. बॅटरीचा प्रकार चुकीचा निवडलेला असतो, नाहीतर तापमानाचा सेन्सर लावलेलाच नसतो. बॅटरी तापली की तिला कमी व्होल्टेज लागतं. दर अंशामागे दर सेलला ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी. सेन्सर नसेल तर तापलेल्या बॅटरीला जास्तच व्होल्टेज मिळतं, ती आणखी वायू सोडते, आणखी तापते. सीलबंद बॅटरीत हे चक्र हाताबाहेर गेलं की ती फुगते. सेन्सर पेटीच्या भिंतीला न लावता मधल्या बॅटरीच्या अंगाला चिकटवा, कारण सर्वात जास्त तापते ती मधली. बॅटऱ्यांमध्ये बोटभर फट ठेवा आणि पेटी उन्हात ठेवू नका. २५ अंशांच्या वर प्रत्येक १० अंशांना लेड-ॲसिडचं आयुष्य जवळपास निम्मं होतं.

इक्वलायझेशन, म्हणजे मुद्दाम वाढवलेल्या व्होल्टेजचं चार्जिंग, फक्त पाण्याच्या बॅटरीला द्यायचं असतं. त्या वेळी वायू भरपूर सुटतो. झाकण उघडं ठेवा, पंखा चालू ठेवा, सेलची बुचं मात्र जागेवर राहू द्या. पाणी घालायचं ते चार्जिंग पूर्ण झाल्यावर. आधीच काठोकाठ भरलं तर चार्ज होताना ॲसिड वर येऊन सांडतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र आधी त्या बुडतील इतकंच घाला.

या खुणा दिसल्या तर

कुजलेल्या अंड्यांसारखा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइड आहे, बॅटरी अति चार्ज होते आहे किंवा एखादा सेल गेला आहे. हा वायू विषारी आहे आणि काही वेळाने नाकाला त्याचा वास येईनासा होतो, त्यामुळे वास गेला म्हणजे धोका टळला असं समजू नका. खोलीच्या बाहेरून पॅनेल आणि चार्जर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि बराच वेळ जाऊ द्या. मग बॅटऱ्यांना हात न लावता बघा. एखादी बाकीच्यांपेक्षा गरम किंवा फुगलेली असेल तर ती काढावी लागणार.

घरातला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दुपारी, बॅटरी भरत आल्यावरच वाजत असेल तर तो बिघडला आहे असं धरून चालू नका. या अलार्ममधले बरेच सेन्सर हायड्रोजनलाही दाद देतात. अलार्म वाजला की आधी बाहेर पडा. कार्बन मोनॉक्साइड नाही याची खात्री झाली की पेटीचं वरचं तोंड तपासा.

हवा खेळते का हे बघायला पेटीजवळ उदबत्ती किंवा काडी कधीच पेटवू नका. पातळ कागदाची पट्टी खालच्या तोंडाशी धरा. ती आत ओढली गेली तर वाट मोकळी आहे.

नट सैल वाटला म्हणून चार्जिंग चालू असताना पाना लावू नका. आधी चार्जिंग बंद, लोड बंद, झाकण उघडं, थोडं थांबणं, मग काम. पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा, हातातलं कडं-अंगठी काढा, चष्मा घाला. डोळ्यात ॲसिड उडालं तर वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा.

लिथियम घेतली, आता प्रश्न संपला?

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी नेहमीच्या वापरात वायू सोडत नाही, हे खरं. म्हणून जुनी पेटी घट्ट बंद करून तीत ती बसवणारे बरेच आहेत. पण तिला गारवा लागतोच. बहुतेक अशा बॅटऱ्यांना ० ते ४५ अंशांच्या दरम्यानच चार्ज करायचं असतं. उत्पादकाने चहूबाजूंना सांगितलेली मोकळी जागा ठेवा, पण बॅटरीच्या स्वतःच्या आवरणाला भोक पाडू नका. चार्जरमध्ये लेड-ॲसिडची सेटिंग आणि इक्वलायझेशन राहिलं असेल तर ते आधी बंद करा.

सेल आतून बिघडून तापत सुटला तर हीच बॅटरी हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि इलेक्ट्रोलाइटच्या वाफा सोडते. ते दाट पांढऱ्या धुरासारखं दिसतं, विषारी असतं आणि पेट घेऊ शकतं. झरोके एवढ्याला पुरे पडत नाहीत. म्हणून ही बॅटरी झोपायच्या खोलीत नको आणि घराबाहेर पडायच्या एकमेव वाटेवर तर नकोच नको. असा धूर दिसला तर झाकण उघडायला जाऊ नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, अग्निशमन दलाला फोन करा आणि बॅटरी कुठल्या प्रकारची, किती किलोवॅट-तासांची आणि कुठे आहे ते पहिल्याच वाक्यात सांगा. ही माहिती आणि पॅनेलचा मुख्य स्विच कुठे आहे ते, मोठ्या अक्षरात दाराच्या बाहेरच्या बाजूला आजच लिहून लावा.