खात्यावर दिसले की मगच पार्सल: ऑनलाइन दुकानासाठी बँकेतून पैसे घेताना

"ताई, पैसे टाकलेत बगा, पार्सल आजच सोडा." हे मला दिवसातून चार-पाच वेळा तरी ऐकू येतं. मी वसमतला राहते. घरची आणि भावकीतल्या तीन घरांची हळद दळून वेबसाइटवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर विकते. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला जीआय मानांकन (त्या भागाची खास ओळख सांगणारी सरकारी नोंद) मिळालं, तेव्हापासून लांबचे दुकानदारही विचारू लागले. एक-दोन किलो घेणारे यूपीआय करतात. वीस-पंचवीस किलो नेणारे मात्र थेट खात्यावर पैसे टाकतात, आणि मला तेच बरं पडतं. पेमेंट गेटवे, म्हणजे वेबसाइटवर गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन आपल्याला देणारी सेवा, साधारण दोन टक्के कापतं, त्या कापलेल्या रकमेवर १८ टक्के जीएसटी वेगळा. नऊ हजारांच्या ऑर्डरमागे दोनशे रुपये गेले. एनईएफटीनं, म्हणजे एका बँक खात्यातून थेट दुसऱ्या खात्यावर, आलेले पैसे पूर्ण जमा होतात.

आधी खातं. घरखर्चाच्या बचत खात्यावर धंद्याचे पैसे घेऊ नका, चालू खातं उघडा. बँक धंद्याचे पुरावे मागते. माझं उद्यम प्रमाणपत्र (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) आणि अन्न परवाना चालला. उद्यमची नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका.

माझं पहिलं खातं माझ्या नावावर होतं आणि वेबसाइटवर दुकानाचं नाव. एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएस (मोठ्या रकमांसाठीची तशीच सोय) करताना खातेदाराचं नाव आधी तपासून घेता येतं. लातूरच्या एका दुकानदारानं ते तपासलं, वेगळंच नाव दिसलं आणि त्यांनी हात आखडला. फोन करून म्हणाले, "ताई, हे खातं कुणाचं?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. आता खातं दुकानाच्या नावानं आहे, आणि बँकेत जसं लिहिलंय तसंच, अक्षर न् अक्षर, वेबसाइटवर आहे.

आयएफएससी कोड, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड, पाठ आहे असं समजून लिहू नका. आमच्याकडे घरोघरी 'हैदराबाद बँके'चं पासबुक असायचं. १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँक ऑफ हैदराबाद स्टेट बँकेत विलीन झाली आणि 'एसबीएचवाय'नं सुरू होणारे कोड जाऊन 'एसबीआयएन'चे आले. सासऱ्यांच्या जुन्या बिलबुकावर जुनाच कोड छापलेला होता आणि मी तोच उतरवून घेतला होता. कोड अकरा अक्षरांचा असतो, पाचवं नेहमी शून्य. तिथं इंग्रजी 'ओ' टाईप झाला की गिऱ्हाइकाचं काम अडलंच. बँकेच्या अ‍ॅपमधून कॉपी करा, आणि वेबसाइटवर टाकल्यावर घरातल्या कुणाला तरी दुसऱ्या बँकेतून एक रुपया पाठवायला लावा.

माझी साइट वूकॉमर्सवर (ऑनलाइन दुकान चालवायचं सॉफ्टवेअर) आहे. सेटिंग्जमध्ये पेमेंट्स, त्यात 'डायरेक्ट बँक ट्रान्सफर' चालू करायचं आणि खात्याचे तपशील भरायचे. गिऱ्हाइकानं हा पर्याय निवडला की ऑर्डर 'ऑन होल्ड' राहते आणि तेवढा माल साठ्यातून वजा होतो. पैसे आले नाहीत तरी ती ऑर्डर आपोआप रद्द होत नाही. मला हे माहीत नव्हतं. गेल्या मार्चमध्ये नवी हळद आली, एक-एक किलोची साठ पाकिटं लावली, आणि दोन दिवसांत साइट 'माल संपला' म्हणायला लागली. इकडं पाकिटं घरात रचलेली, तिकडं पैसे न टाकलेल्या चार ऑर्डरींनी सगळा साठा अडवलेला. आता मी ४८ तास थांबते. एका दिवसानंतर फोन करते, मग हातानं रद्द करते. फोन मात्र करायचाच. बऱ्याच बँका नवं खातं जोडल्यावर पहिल्या दिवशी मोठी रक्कम जाऊ देत नाहीत, त्यामुळे "उद्या होईल" म्हणणारा माणूस खरं बोलत असतो.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो कुणाचे पैसे कोणते, हे लावण्यात. ऑर्डर सुनेच्या नावानं, पैसे सासऱ्यांच्या खात्यावरून. एकदा एकाच दुपारी २,४०० रुपये दोनदा जमा झाले आणि ऑर्डरी तीन होत्या. रिमार्कमध्ये ऑर्डर नंबर टाका म्हटलं तरी निम्मे लोक विसरतात. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपच्या ऑर्डरींना मी पैशांची युक्ती लावली. ऑर्डर नंबर २१७ असेल तर सांगते, "२,४००.१७ पाठवा." शेवटचे दोन आकडे पैशांत. स्टेटमेंट उघडलं की १७ दिसतात आणि वही शोधावी लागत नाही. गिऱ्हाइकाला त्यात काही जड जात नाही, आणि माझा रोजचा अर्धा तास वाचतो.

आता स्क्रीनशॉटबद्दल. दिवाळीच्या तोंडावर एका अनोळखी माणसानं पंचवीस किलोची ऑर्डर दिली. हिरव्या रंगात 'यशस्वी' लिहिलेला स्क्रीनशॉट आला. रक्कम बरोबर, माझ्या खात्याचे शेवटचे चार आकडे बरोबर. (ते तर वेबसाइटवरच होते.) घाईत मी माल पाठवला. पैसे आलेच नाहीत. चार दिवसांनी बँकेत गेले. काउंटरवरच्या बाईंनी यूटीआर नंबरवर (प्रत्येक व्यवहाराचा वेगळा क्रमांक) बोट ठेवून मोजायला लावलं: चौदा. एनईएफटीचा यूटीआर सोळा अक्षरांचा असतो, आरटीजीएसचा बावीस, आणि आयएमपीएस (खात्यावर लगेच पैसे पाठवायची सोय) आणि यूपीआयचा संदर्भ क्रमांक बारा आकडी. आम्ही शिजवलेली, उन्हात वाळवलेली, पॉलिश केलेली हळद अशी गेली, याचं मला आजही वाईट वाटतं. नंबर बरोबर भरला तरी तो पुरावा समजू नका. मेसेजही खोटा बनवता येतो. आपलं अ‍ॅप आपण उघडायचं, जमा रक्कम डोळ्यांनी बघायची, मग पार्सलला चिकटपट्टी लावायची. एनईएफटी दर अर्ध्या तासाला पुढं सरकते, डिसेंबर २०१९ पासून रात्री आणि सुट्टीच्या दिवशीही. खरं गिऱ्हाईक तेवढं थांबतं.

खाते क्रमांक आणि आयएफएससी बिनधास्त द्या, त्यावरून कुणी पैसे काढू शकत नाही. सही केलेल्या चेकचा फोटो मात्र पाठवू नका. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, कुणी मागितला तर फोन ठेवा. फसलात तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा. मी चार दिवस थांबले, ती चूक तुम्ही करू नका.

"चुकून जास्त गेले, या दुसऱ्या नंबरवर परत टाका," असं कुणी म्हणालं तर टाकू नका. आलेली रक्कम दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीची निघाली तर तुमच्याच खात्यावर होल्ड लागतो, म्हणजे पैसे अडकतात. मग बिल, पोस्टाची पावती आणि बोलणं, सगळं दाखवावं लागतं. मी महिन्यागणिक फाईल ठेवते. परत द्यायचेच असतील तर बँकेला विचारून, आणि ज्या खात्यावरून आले त्याच खात्यावर.