गावरस्त्यावर सेन्सरचे दिवे बसवताय? या चुका टाळा

सेन्सरचा दिवा एरवी मंद जळतो आणि हालचाल दिसली की पूर्ण उजळतो. ग्रामपंचायतीने असे सौर दिवे बसवले की पहिले पंधरा दिवस गाव खूश असतं. मग दोन तक्रारी सुरू होतात: दिवा लागतच नाही आणि दिवा मंद होतच नाही. माल क्वचितच खराब निघतो. बसवताना केलेली घाई नडते.

मंद उजेड शून्यावर ठेवणे

सगळ्यात घातक चूक ही. बॅटरी वाचते म्हणून कंट्रोलरमध्ये, म्हणजे दिव्याचा उजेड-वेळ ठरवणाऱ्या यंत्रात, मंद उजेड शून्य टक्के करून टाकतात. सेन्सरला कळते ती फक्त हालचाल. पंक्चर झालेली ट्रॉली किंवा बैल सोडून उभी केलेली बंडी रस्त्याच्या कडेला आहे, मागे रिफ्लेक्टर नाही. ती हलत नाही, म्हणून मिनिटभरात दिवा विझतो आणि ती अंधारात गडप होते. तेवढ्यात ४० किलोमीटर वेगाने मोटारसायकल येते, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. सेन्सरने तिला ८ मीटरवर ओळखलं तरी चालकाच्या हाती पाऊण सेकंद उरतो. एवढ्या वेळात पाय धड ब्रेकवरही जात नाही. वरून अंधाराला सरावलेले डोळे एकदम पडलेल्या झोताने दिपतात, ते वेगळंच.

म्हणून रस्त्यावर मंद उजेड किमान ३० टक्के ठेवा. वळण, पूल, बसथांबा आणि शाळेसमोर ५० टक्के. अंगणातला दिवा शून्यावर गेला तर बिघडत नाही, रस्त्यावरचा जाता कामा नये.

बॅटरीला हे झेपतं, हिशेब करून बघा. २० वॅटचा दिवा रात्रीचे १० तास ३० टक्क्यांवर म्हणजे ६० वॅट-तास, आणि २ तास पूर्ण उजेडात म्हणजे ४०. एकूण १००. रात्रभर पूर्ण जळला तर २४० लागतील. १२.८ व्होल्ट, २४ अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत साधारण ३०० वॅट-तास मावतात, म्हणजे श्रावणातली झड दोन-तीन रात्री निघते. त्यासाठी पॅनेल ५० ते ६० वॅटचं हवं. पॅनेल लहान घ्यायचं आणि नंतर उजेड शून्यावर आणायचा, ही काटकसर रस्त्यावरच्या माणसाच्या जिवावर होते.

थंडीत जुळवलेला सेन्सर मे महिन्यात तसाच ठेवणे

स्वस्त दिव्यांत पीआयआर सेन्सर असतो. तो शरीराची उष्णता आणि मागच्या पार्श्वभूमीची उष्णता यांतला फरक पकडतो. डिसेंबरात रात्री पारा १२ अंशांवर असताना हा फरक भरपूर असतो, दूरचं कुत्रंही टिपलं जातं. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूर-अकोल्याकडे रात्री आठलाही हवा ३७-३८ अंशांवर असते आणि डांबर त्याहून तापलेलं. माणसाची कातडी आणि रस्ता जवळजवळ सारखेच दिसतात, त्यामुळे सेन्सर आंधळा होतो.

मग ठरलेला खेळ सुरू होतो. तक्रार येते, वायरमन शिडी लावतो, झाकण उघडून संवेदनशीलतेचा बारीक स्क्रू शेवटपर्यंत फिरवतो, खाली उतरून हात हलवून बघतो आणि निघून जातो. दिवाळी उलटून थंडी पडली की तोच दिवा कुत्रं, मांजर, वटवाघूळ सगळ्यांना बघून रात्रभर पूर्ण जळतो. पहाटे तीनला बॅटरी संपते. नेमकं त्याच वेळी रात्रपाळीची वीज असल्याने शेतकरी हरभऱ्याला ओलित करायला निघालेला असतो. मग बॅटरी बदलली जाते, स्क्रू तसाच राहतो.

रस्त्यासाठी मायक्रोवेव्ह रडार सेन्सरच घ्या, साधारण ५.८ गिगाहर्ट्झचा. त्याला उन्हाळ्याने फरक पडत नाही. मात्र तो हलणाऱ्या फांद्यांनाही माणूस समजतो, म्हणून भोवतालच्या तीन मीटरमधल्या बाभळी-निंबाच्या फांद्या छाटा. त्याच्यासमोर पत्र्याचं झाकण नको, प्लास्टिकचं चालतं. दिशेचंही भान ठेवा: रडार समोरून येणारी हालचाल चांगली पकडतो, पीआयआर आडवी जाणारी. पीआयआर आधीच बसला असेल तर सेन्सर तेवढा ३ ते ३.५ मीटरवर उतरवा आणि वर्षातून दोनदा जुळवा, होळीनंतर आणि दिवाळीनंतर.

रोही (नीलगाय), रानडुकरांमुळे दिवा लागतो म्हणून संवेदनशीलता कमी करायला सांगणारे भेटतात. ऐकू नका. रोही रस्त्यावर आली तर दिवा लागायलाच हवा.

काळ्या मातीत उथळ खड्डा

काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खड्डा फूट-दोन फुटांवर थांबवला तर दुसऱ्या पावसाळ्यात खांब कलतो, मग पॅनेलचं तोंड भलतीकडे आणि सेन्सरचं पऱ्हाटीकडे. ६ मीटरच्या खांबाला किमान एक मीटर खोली हवी, आणि मुरूम लागेपर्यंत खोदायचं हा माझा हट्ट आहे. काँक्रीट जमिनीवर एक वीत उचला, भोवती मुरूम दाबा, पाणी साचू देऊ नका.

बाकीच्या चुका छोट्या, पण रोजच्या. दिवस-रात्र ओळखणारा उजेडाचा सेन्सर शेजारच्या दिव्याच्या झोतात आला की दिवा रात्रभर लुकलुकतो. त्याला आडोसा द्या. हालचालीनंतर दिवा पूर्ण उजेडात राहण्याचा, कंपनीतून १० सेकंदांवर आलेला वेळ ६० सेकंद करा, डोक्यावर भारा घेतलेली बाई दोन खांबांमधलं २५ मीटर अंतर १० सेकंदांत कापत नाही. पॅनेल दक्षिणेकडे, २० ते २५ अंश कलात. धूळ सकाळी, काच थंड असताना पुसा. सेन्सरवरचं कोळ्याचं जाळं महिन्यातून एकदा झाडा. निळसर पांढरा ६५०० केल्व्हिनचा दिवा नको, ४००० पुरे; किडेही कमी येतात.

बिलावर सही करण्याआधी अंधार पडल्यावर तीन फेऱ्या मारायला लावा: एकदा पायी, एकदा मोटारसायकलवर, एकदा बंडी घेऊन. शेवटी बंडी दिव्याखाली दोन मिनिटं उभी करा आणि ५० मीटरवरून ती दिसते का ते बघा.