जुनी पिकअप रिस्टोर करायला घ्यावी का: बघायला जातानाची तयारी

इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं म्हणून जुनी पिकअप घेऊ नका. इंजिन बाहेर काढता येतं, बोअर करून नवे पिस्टन आणि रिंगा टाकता येतात, आणि ते काम जाणणारे लोक बहुतेक ठिकाणी भेटतात. गाड्या वर्षानुवर्षं अर्धवट सुटलेल्या अवस्थेत ताडपत्रीखाली पडून राहतात त्या सडलेल्या फ्रेममुळे, कुजलेल्या केबिनमुळे आणि हरवलेल्या बारीकसारीक भागांमुळे. म्हणून तपासणीचा क्रम ठरवूनच निघावं: आधी फ्रेम, मग पत्रा, मग काय काय गायब आहे ते, आणि इंजिन त्यानंतर.

फोनवरच काही गोष्टी विचारून घेतल्या तर फेरी वाचते. कागदपत्रं विकणाऱ्याच्याच नावावर आहेत का, गाडी किती वर्षं उभी आहे, छपराखाली होती की उघड्यावर, खाली फरशी आहे की माती? ओल्या मातीवर किंवा गवतात उभी राहिलेली गाडी खालून दमट हवा खात राहते. वरून चकचकीत दिसली तरी तळ गेलेला असू शकतो. घट्ट गुंडाळलेली ताडपत्रीही ओल आतच कोंडून ठेवते. मागच्या ॲक्सलच्या वरची फ्रेम, केबिनचे मागचे दोन्ही खालचे कोपरे आणि पायाखालचा पत्रा यांचे फोटो मागा. फक्त बाहेरचेच फोटो येत राहिले तर ते ध्यानात ठेवा. आणि एक विनंती आवर्जून करा: आम्ही येण्याआधी इंजिन सुरू करू नका. गरम इंजिन बरेच दोष झाकतं.

सोबत न्यायचं सामान एका पिशवीत मावतं. चांगली टॉर्च, लहान आरसा, मऊ फडक्यात गुंडाळलेला पातळ लोहचुंबक, जाड बोथट स्क्रूड्रायव्हर, २५० ते ३०० ग्रॅमची हातोडी, ५ मीटरचा टेप, प्लगपाना, कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारा), मल्टिमीटर, थोडं इंजिन ऑइल, दोन बाटल्या पाणी, जुना पुठ्ठा, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. याशिवाय जॅक, दोन स्टँड आणि चार्ज केलेली बॅटरी. बॅटरी जोडण्याआधी गाडी किती व्होल्टची आहे हे पाहा: १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक गाड्या ६ व्होल्टच्या होत्या आणि काहींत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक अर्थला असे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. स्टँड लावले, गाडी हलवून पाहिली, मगच खाली.

फ्रेमवर घाई करू नका. पिकअपमध्ये केबिन आणि हौदा वेगवेगळे असतात आणि दोन्ही एकाच फ्रेमवर बसतात. फ्रेम वाकली की दरवाजापासून टायरच्या झिजेपर्यंत सगळं बिघडतं. आधी गाडीपासून दहा पावलं लांब, बाजूला उभे राहा. केबिन आणि हौदा यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत सारखी दिसली पाहिजे. वर अरुंद आणि खाली रुंद, किंवा उलटी, असेल तर केबिनच्या मागे फ्रेम वाकल्याचा संशय घ्या. केबिनखालची रबरं चेपूनही असं दिसतं, म्हणून ती आधी तपासायची. मग खाली शिरून हातोडीने फ्रेमच्या दोन्ही लांब पट्ट्या हलक्या हाताने ठोकत पुढून मागे जा. निरोगी लोखंड टणटणीत वाजतं. गंजाचे पापुद्रे धरलेल्या जागी आवाज बसका, थप्प असा येतो आणि हातोडीला उसळी मिळत नाही. त्या जागी स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबा. नुसती पापडी निघाली आणि खाली घट्ट लोखंड लागलं तर काम होण्यासारखं आहे. टोक आत गेलं तर तो भाग कापून बदलावा लागणार.

गंज हमखास जिथे दडतो अशा जागा म्हणजे मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगांचे) हँगर, म्हणजे त्यांना फ्रेमला धरणारे आधार, ॲक्सलच्या वरचा वळसा, आडव्या पट्ट्या जिथे रिव्हेटने जोडल्या आहेत ते सांधे, आणि मजबुतीसाठी एका पट्टीवर दुसरी पट्टी बसवली आहे त्या जागा. दोन पट्ट्यांच्या मधे गंज फुगला की जाड लोखंडही फाकवतो. स्टीअरिंग बॉक्सच्या बोल्टांभोवती तडे किंवा जुनं वेल्डिंग आहे का, पुढच्या पट्ट्यांवर सुरकुत्या आहेत का हे बघा. सुरकुती म्हणजे अपघात. शेवटी टेप लावून तिरकं माप घ्या: डाव्या पुढच्या रिव्हेटपासून उजव्या मागच्या, आणि तसंच उलट. फरक ५-६ मिलिमीटरच्या पुढे गेला तर फ्रेम सरळ करण्याचा खर्च हिशेबात धरा. ताज्या काळ्या डांबरी रंगाने खालची बाजू झाकलेली असेल तर हातोडी जास्तच बारकाईने चालवा.

आता केबिन. लोहचुंबक दरवाजाच्या खालच्या काठावरून, मडगार्डच्या मागच्या टोकावरून, चाकाच्या कमानींवरून आणि केबिनच्या मागच्या कोपऱ्यांवरून फिरवा. जिथे तो सुटतो तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. दरवाजा अर्धा उघडून टोकाला हाताने उचला. बिजागरीची पिन झिजली असेल तर दरवाजा एकटा हलेल. ती पिन आणि बुश बदलणं हे एका दुपारचं काम. पण दरवाजाबरोबर खांबाचा पत्राही हलताना दिसला तर खांब मुळात कुजला आहे. पायाखालचं मॅटिंग उचलल्याशिवाय परतू नका. सपाट पत्रा नवा बसवणं अवघड नाही. खाली जिथे केबिन फ्रेमला बोल्टने बसते त्या बैठका गेल्या असतील तर केबिन उचलावीच लागते.

सर्वांत फसवी जागा काऊलची: विंडस्क्रीनखाली, बॉनेटच्या मागे असलेल्या हवेच्या जाळीच्या आतली बंद पेटी. पानं, धूळ, पाणी वर्षानुवर्षं तिथे साचून चिखल होतो आणि पत्रा आतून खातो. बाहेरून काहीच कळत नाही. यासाठीच पाण्याच्या बाटल्या आणायच्या. एक जण आत बसून टॉर्च पेडलांच्या वर, डॅशबोर्डच्या पोटात धरतो. दुसरा काचेला न भिजवता फक्त जाळीत एका बाजूला साधारण एक लिटर पाणी हळूहळू ओततो. पाणी पुढच्या मडगार्डच्या आतून, बिजागरीच्या खांबाजवळून बाहेर जमिनीवर पडलं तर पेटी शाबूत आहे. बराच वेळ काहीच बाहेर आलं नाही तर निचऱ्याची वाट तुंबली आहे. आणि क्लचच्या पेडलावर थेंब पडू लागले तर पेटीला भोक आहे. ते बुजवायला कित्येक स्पॉट वेल्ड ड्रिलने फोडून वरचा पत्रा अलग करावा लागतो. दुसरी बाजूही तशीच पाहा. पाणी काचेवर सांडलं तर रबरातली गळती आणि काऊलची गळती वेगळी ओळखता येत नाही, म्हणून हात जपून.

हौद्याची फार चिंता करू नका. चेपलेला हौदा ठोकून सरळ होतो, लाकडी तळ असेल तर फळ्या नव्या करता येतात, तळाचे आडवे दांडे बनवून घेता येतात. मागचं फळकं मात्र मूळचंच आहे ना, आणि कड्या-साखळ्या आहेत ना, एवढं पाहा.

यानंतर वही काढा आणि काय नाही ते लिहा. हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढे पैसे आणि महिने इथेच जातात. जाळी, हेडलाइटच्या रिंगा, बॉनेटवरचं चिन्ह, मीटरचा पूर्ण संच, खिडकीची यंत्रणा, वायपरची मोटर, आरशांचे दांडे, स्टीअरिंगचं चाक, सीटच्या पट्ट्या, वक्र काचा. सपाट काच कापून मिळते. वक्र काच नसेल तर त्याच मॉडेलची शोधावी लागते. म्हणूनच मॉडेल ठरवताना किती बनल्या याला महत्त्व द्या. १९६७ ते १९७२ मधल्या शेव्हरोले सी-१० किंवा १९५० च्या दशकातल्या फोर्ड एफ-१०० साठी पत्र्याचे भाग, रबरं, पट्ट्या आजही नव्या बनतात. कमी बनलेल्या गाडीचे भाग हवे असतील तर तशीच दुसरी गाडी भंगारासाठी घ्यावी लागते, आणि तिला ठेवायला जागाही लागते. सुट्या भागांचे डबे विकणारा दाखवत असेल तर उघडून बघा. सगळं आहे असं सांगितलेल्या डब्यात डावे दोन आणि उजवा एकही नाही, असं वारंवार होतं.

कागदावरचा चॅसी नंबर, फ्रेमवर ठोकलेला नंबर आणि पत्र्यावरची पट्टी हे तिन्ही अंक-अंक जुळवा. फ्रेमवरच्या नंबराभोवती घासल्याच्या खुणा, वेल्डिंग किंवा वेगळ्या ठशाचे आकडे दिसले तर बोलणी तिथेच थांबवावीत. इंजिन बदललेलं असणं स्वाभाविक आहे, पण त्याची नोंद कागदावर आहे का ते विचारा.

इंजिनाकडे येताना आधी डिपस्टिक. तेल दुधाळ असेल तर पाणी मिसळलं आहे. केवळ झाकणाखाली थोडा पिवळट फेस ही नुसती ओलही असू शकते. रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडा. मग स्टार्टर लावण्यापूर्वी प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा आणि क्रँकच्या पुढच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवा. फिरत नसेल तर जोर लावू नका. अडकलेल्या रिंगा भेदक तेलात काही दिवस भिजवून कधीकधी सुटतात, पण गाडी घेताना इंजिन पूर्ण उघडायचं आहे असंच धरून किंमत लावा.

इंजिन सहज फिरलं तर कॉम्प्रेशन घ्या. चाचणीआधी इग्निशन बंद ठेवून दोन-तीनदा स्टार्टर फिरवून जास्तीचं तेल उडवून टाका, नाहीतर आकडा फुगतो. थ्रॉटल पूर्ण उघडं, बॅटरी भरलेली, प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे. पेट्रोल इंजिनात साधारण १२० ते १५० पीएसआय (दाबाचं एकक) यावं. कमी कॉम्प्रेशन रेशोच्या जुन्या इंजिनांत १०० देखील ठीक असतं. आकड्यापेक्षा सारखेपणा महत्त्वाचा: सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्तीच्या ७५ टक्क्यांखाली नसावा. जो सिलिंडर मागे आहे त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह. शेजारच्या दोन सिलिंडरांत एकसारखा कमी आकडा आला तर त्यांच्यामधली हेड गॅस्केट फुटली असण्याची शक्यता मोठी. डिझेल इंजिनाला हा गेज लावू नका. तिथला दाब याच्या कितीतरी पट असतो.

ब्रेक सगळे नवे करायचे, हे तपासण्याआधीच लिहून टाका: मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर, रबरी होज, पोलादी नळ्या, लायनर. बरीच वर्षं उभ्या असलेल्या गाडीच्या ब्रेकवर विश्वास ठेवून चाचणी फेरी मारू नका. १९६० च्या दशकापर्यंतच्या बऱ्याच गाड्यांत चारही चाकांना एकच सर्किट असे. एक नळी फुटली की पेडल तळाला जातं. दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवणं हा बदल आम्ही मूळपणाच्या हट्टापुढे ठेवू. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रममधली भुकटी हवेने उडवू नये. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा तो कोरडा घासू नये.

पुढचं चाक उचलून वर आणि खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर सोबत्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ थांबला तर बेअरिंग. तसाच राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट, म्हणजे चाक ज्यावर वळतं तो सांधा. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१४ म्हणजे २०१४ सालचा २३ वा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी इतके जुने टायर खर्चातच धरायचे. वायरिंगचं आवरण वाकवून तडकत असेल तर पूर्ण नवा हार्नेस, म्हणजे वायरांचा अख्खा जुडगा. पेट्रोलच्या टाकीतून व्हार्निशसारखा वास आला तर टाकी, नळी, पंप, कार्ब्युरेटर सगळं स्वच्छ करणं आलं.

घरी येऊन हिशेब तीन रकान्यांत मांडा: नक्की लागणारं, बहुधा लागणारं, आणि उघडल्यावरच कळणारं. पत्राकाम आणि रंग यांचा आकडा बहुतेकदा इंजिनाच्या वर जातो. बोल्ट, रबरं, सीलर, ग्राइंडिंग चकत्या, सँडपेपर, प्रायमर यांची ओळ वेगळी लिहा, आणि एकूण बेरजेवर किमान एक तृतीयांश वाढवा. मग त्याच मॉडेलची तयार गाडी कितीला मिळते ते पाहा. वेळेचंही तसंच. पूर्ण खोलून केलेल्या कामाला हजार तास लागणं नवलाचं नाही. आठवड्यातून एक दिवस सहा तास दिले तर ती तीन वर्षांहून जास्तीची बांधिलकी होते. आणि सुटलेली पिकअप उभ्या पिकअपच्या दुप्पट-अडीचपट जागा खाते: केबिन, हौदा, मडगार्ड, इंजिन, प्रत्येकाला आपापली जमीन लागते.

फ्रेम सरळ, काऊल कोरडा, कागद जुळणारे आणि वहीतली गायब भागांची यादी पानभर, तर बंद इंजिनासकट गाडी घ्यायला हरकत नाही. फ्रेमचे हँगर, काऊल आणि दरवाजाचे खांब तिन्ही गेलेले असतील तर ती सुट्या भागांसाठी घ्या, उभी करायला नको.

घ्यायचं ठरलं तर पावतीवर चॅसी नंबर लिहून घ्या आणि गाडी सपाट पाठीच्या वाहनावरच न्या. बॉनेट आणि मागचं फळकं दोरीने बांधा, सैल काचा काढून घोंगडीत गुंडाळा. वाहन हलल्यावर सीटखाली, हौद्याच्या कोपऱ्यांत आणि गाडी उभी होती त्या जमिनीवर हाताने चाचपून बघा. गळून पडलेल्या पट्ट्यांच्या क्लिपा, बिजागरीची पिन, कधी बॉनेटवरचं चिन्हसुद्धा तिथेच मातीत सापडतं.