साथीच्या काळात ऑपरेशनची यादी: मूत्र व जननमार्गाच्या कॅन्सरमध्ये कोण आधी, कोण थांबेल

कोविडसारखी साथ भरात आली की सगळ्यात आधी ऑपरेशन थिएटर आटतं. भूलतज्ज्ञ आयसीयूत अडकतात, ऑक्सिजन मोजून मिळतो, शिबिरं बंद म्हणून रक्तपेढी रिकामी. एप्रिल-मे २०२१ मध्ये सातारा-सांगलीने हे पुरेपूर भोगलं. आठवड्याला दहा ऑपरेशनं व्हायची तिथे तीनच होणार असतील, तर ती तीन कोणाची हे नाव नोंदवल्याच्या क्रमाने ठरवू नये, ओळखीच्या फोनवर तर नाहीच. गाठ किती वेगाने वाढते आणि ऑपरेशनला आयसीयू व रक्त किती लागेल, एवढ्या दोनच गोष्टी बघायच्या.

२०२० मध्ये युरोपियन असोसिएशन ऑफ युरॉलॉजी या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने केलेली विभागणी इथेही चालते. जिवावर बेतणारं असेल तर २४ तासांत. दुसऱ्या गटाला ६ आठवड्यांपेक्षा जास्त थांबवलं तर नुकसान जवळपास ठरलेलं. तिसऱ्यात ३-४ महिन्यांनी नुकसान होऊ शकतं, पण शक्यता कमी. चौथा गट ६ महिने थांबला तरी सहसा काही बिघडत नाही.

यादीसाठी वेगळी वही घाला. नाव, निदान, पॅथॉलॉजी रिपोर्टची तारीख, ग्रेड (गाठ किती उग्र) आणि स्टेज (किती पसरलेली), क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), हिमोग्लोबिन, रक्ताच्या किती पिशव्या, आयसीयू लागेल का, घरातले दोन मोबाइल नंबर. शेवटच्या रकान्यात ‘या तारखेच्या आत’ अशी तारीख लिहा. दिवस मोजायचे ते रिपोर्टच्या तारखेपासून. ऑपरेशन ठरलं त्या दिवसापासून मोजलं तर मधले तीन-चार आठवडे हिशेबातून गळतात, आणि घोळ बहुतेक इथेच होतो.

मूत्राशय: इथे चूक महागात पडते

लघवीतून न दुखता रक्त गेलं की आपल्याकडे ‘उन्हाळी लागली’ म्हणतात. धन्याचं पाणी, सब्जा सुरू होतो. रक्त दोन दिवसांत आपोआप थांबतं, म्हणून औषध लागू पडलं असं वाटतं, आणि पुढची तपासणी ‘ऊस गेल्यावर बघू’ वर जाते. लॉकडाउनमध्ये फोनवरून अँटिबायोटिक लिहून दिली की आणखी दोन महिने जातात. दहिवडी किंवा जतच्या फॅमिली डॉक्टरांनी पन्नाशीपुढच्या माणसाला, त्यातही तंबाखू-बिडी ओढणाऱ्याला, एकदाच रक्त गेलं असलं तरी सोनोग्राफीला पाठवावं. सोनोग्राफी नॉर्मल आली तरी दुर्बिणीची तपासणी टळत नाही. छोटी किंवा चपटी गाठ सोनोग्राफीत निसटते.

दुर्बिणीतून गाठ काढणं (टीयूआरबीटी) कमरेच्या भुलीत होतं, आयसीयू सहसा लागत नाही. म्हणून टंचाईतही ते पुढे ढकलू नका. तुकड्यात मूत्राशयाचा स्नायू आलाच पाहिजे; तो नसेल तर आजार किती खोल गेलाय ते कळत नाही आणि रुग्णाला कोणत्या गटात घालायचं हेच ठरत नाही. हाय ग्रेड वरवरच्या गाठीत २ ते ६ आठवड्यांत पुन्हा दुर्बीण लागते. साथीत ती तारीख मिळेल याचा भरवसा नसतो, त्यामुळे पहिलंच काम नीट करा. मूत्राशयात सोडायच्या बीसीजी औषधाचे पहिले सहा साप्ताहिक डोस चुकवू नयेत. पहिल्या वर्षानंतरचे डोस पुढे गेले तर चालतं. पूर्वी लो ग्रेड ठरलेली छोटी गाठ परत आली असेल तर ३ ते ६ महिने थांबता येतं.

गाठ स्नायूत शिरली असेल तर मूत्राशय काढायला निदानापासून १२ आठवड्यांची हद्द धरा. त्याला आयसीयू, रक्त, आठ-दहा दिवसांचा बेड, सगळंच लागतं. मधला वेळ सिस्प्लॅटिन या औषधावर आधारित केमोने भरता येतो. तशीही ती ऑपरेशनआधी देतातच. मात्र क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनीची गाळण्याची क्षमता) मिनिटाला ५०-६० मिलिलिटरच्या खाली असेल तर सिस्प्लॅटिन नको. किडनी फुगलेली असेल तर आधी पाठीतून नळी टाकून ती मोकळी करा. केमोने पांढऱ्या पेशी उतरतात, म्हणजे संसर्गाची भीती वाढते. नातेवाइकांना हे आधीच सांगा. शेक (रेडिएशन) आणि केमो मिळून मूत्राशय वाचवण्याचा पर्यायही आहे, पण त्यासाठी रोजची ये-जा लागते. जिल्ह्याची हद्द ओलांडायला ई-पास लागत होता तेव्हा लांबच्या गावांना हे झेपणारं नव्हतं.

बाकीचे अवयव

वृषणाच्या गाठीला थांबवायचं कारणच नाही. छोटं ऑपरेशन, एक-दोन दिवसांत घरी. त्याआधी एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच या गाठीचा माग देणाऱ्या तपासण्यांसाठी रक्त घ्या, वीर्य साठवण्याबद्दल विचारा. छेद जांघेतूनच; अंडकोशातून सुई किंवा छेद कधीही नको. तरुण मुलं ‘अंडवृद्धी’ समजून लाजेने गप्प बसतात, म्हणून सोनोग्राफी त्याच आठवड्यात उरका. लिंगाचा खोल गेलेला कॅन्सरही असाच, थांबवू नये. जांघेतल्या गाठींचं ऑपरेशन ३ महिन्यांपलीकडे नेऊ नये.

किडनीची ४ सेंटीमीटरपर्यंतची गाठ ६ महिने सुखाने थांबते. त्याहून मोठी, पण किडनीतच असलेली, ३ महिन्यांपर्यंत. मोठ्या शिरेत गुठळी शिरली असेल तर थांबू नका.

प्रोस्टेटला (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) सर्वाधिक सवड आहे. लो रिस्क म्हणजे नुसती पीएसए या रक्ततपासणीवर नजर. हाय रिस्कला पुरुषी हार्मोन (टेस्टोस्टेरॉन) दाबणारं तीन महिन्यांचं इंजेक्शन देऊन ऑपरेशन किंवा शेक पुढे नेता येतो. हाडांत पसरलेला असेल तर दोन्ही वृषणं काढण्याचं छोटं ऑपरेशन बरं: खर्च एकदाच, दर तीन महिन्यांची खेप वाचते. इंजेक्शनच द्यायचं ठरलं तर आधी बायकॅल्युटामाइड ही हार्मोनचा परिणाम अडवणारी गोळी सुरू करा, नाहीतर सुरुवातीला टेस्टोस्टेरॉन उसळून मणक्यातला मज्जारज्जू दाबला जाऊ शकतो.

थांबवलेल्या रुग्णाचं काय

एका सिस्टरच्या नावावर काम लावा. दर आठवड्याला फोन. चार प्रश्न: लघवीत गुठळ्या येतात का? लघवी अडली किंवा कमी झाली का? पायातली ताकद गेली का? थंडी वाजून ताप येतो का? एकालाही ‘हो’ आलं तर यादी बाजूला, त्याच दिवशी बोलवा. डीजे स्टेंटची (किडनीपासून मूत्राशयापर्यंत टाकलेली बारीक नळी) वेगळी नोंद ठेवा. ३ महिन्यांत काढला किंवा बदलला नाही तर त्यावर खडे धरतात, आणि साथीत विसरलेले स्टेंट हाच पुढे मोठा ताप होतो. जनआरोग्य योजनेतली मंजुरी असेल तर तारीख हलली की आरोग्यमित्राला लगेच कळवा.

थांबवणं चुकीचंच असं नाही. २०२० च्या कोविडसर्ज या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ऑपरेशनच्या आसपास कोविड झालेल्यांपैकी २३.८ टक्के रुग्ण ३० दिवसांत दगावले. कोविड होऊन गेला असेल तर शक्य तिथे ७ आठवडे जाऊ द्या. हाय ग्रेड गाठीत मात्र दोन्ही धोके तोलून ठरवा.

थिएटर पुन्हा सुरू झालं की जुन्या रिपोर्टवर टेबलावर घेऊ नका. तीन महिन्यांहून जुना सीटी परत काढा, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन आणि प्रोस्टेटच्या रुग्णांचं पीएसए पुन्हा करा, मग यादी नव्याने लावा. शेवटच्या गटातला एखादा दुसऱ्यात सरकलेला सापडतो.