एप्रिलच्या गच्चीवर रोबसन: अशी एक संध्याकाळ कशी जमवायची

सोलापुरात अशोक चौकाच्या अंगाला माझा गाण्याचा आणि हार्मोनियमचा क्लास आहे. गेली सहा वर्षं एप्रिलमधली एक संध्याकाळ आम्ही अमेरिकेच्या संगीत रंगभूमीवरच्या कृष्णवर्णीय गायक-नटांसाठी राखून ठेवतो. पन्नास-साठ माणसं येतात. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटहून फोन येतात की आम्हालाही करायचंय, कसं करू? प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते.

सुरुवात तारखेपासून करा. अमेरिकेतले कृष्णवर्णीय गायक-नट पॉल रोबसन यांचा जन्म 9 एप्रिल 1898 चा. 11 एप्रिलला महात्मा फुले जयंती, 14 ला बाबासाहेबांची. या आठवड्यात आपल्याकडे माणसांचं मन आधीच समतेच्या विषयावर आलेलं असतं. "सोलापुरात बसून अमेरिकेतल्या नाटकवाल्यांचं कशाला?" असं विचारणारं कुणीतरी भेटतंच. मी वाद घालत नाही. जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या निग्रो लोकांना गुलामीतून सोडवणाऱ्या सदाचारी लोकांना. ती अर्पणपत्रिका आमच्याकडे दरवर्षी एखादी मुलगी कार्यक्रमाच्या आधी उभी राहून वाचते. मग दुसरं प्रास्ताविक लागत नाही. ('निग्रो' हा शब्द त्या काळचा, तो अर्पणपत्रिकेत तसाच वाचायचा. आपण बोलताना मात्र कृष्णवर्णीय म्हणायचं. मुलांना हा फरक आधीच समजावून ठेवा.)

तारीख शक्यतो 9 किंवा 10 घ्या. 13 पासून मिरवणुकीची तयारी आणि आवाज सुरू होतो. आणि आपल्या भागात पाणी कोणत्या दिवशी सुटतं ते बघूनच दिवस पक्का करा. पहिल्या वर्षी मी ते बघितलं नव्हतं. साडेआठला नळ आले आणि अर्ध्याहून जास्त बायका उठून गेल्या. त्यांचा काय दोष? चार दिवसांनी पाणी येतं.

हुतात्मा स्मृती मंदिर मोठ्या नाटकाला उत्तम, पण साठ माणसांत बसून ऐकायला गच्ची बरी. दिवसभर तापलेली फरशी संध्याकाळी सहाला पाणी मारून निववा, साडेसातला सतरंज्या घाला. आमच्या गच्चीच्या दोन बाजूंना पत्रा आहे, त्यावर आवाज आपटून परत यायचा. त्यावर उपाय आपल्या गावातच मिळाला. जाड सोलापुरी चादरी दोरीवर टाकून पत्रा झाकला. आठ चादरी पुरल्या, आवाज एकदम जागेवर आला. स्पीकर लग्नातला धडधडणारा आणू नका. रोबसन यांचा आवाज खर्जातला, त्यावर मशीनचा बास चढवला की शब्द बुडतात. भजनी मंडळाचा साधा बॉक्स चांगला. बास कमी करून, सगळ्यात लांब बसलेल्या माणसाला शब्द कळतात का ते दुपारीच तपासा.

आता मुख्य गोष्ट, गाणी. पहिल्या वर्षी मी एकोणीस काढली होती. सगळीच आवडती, कुठलं सोडू? आता सातच्या वर जात नाही, आणि प्रत्येक गाण्याआधी दोन मिनिटांपेक्षा जास्त बोलत नाही. हा नियम एका प्रसंगातून आला. तिसऱ्या वर्षी मी खूप अभ्यास करून गुलामी, झुंडबळी, वेगळ्या रांगा, मागची दारं, सगळं सांगितलं. लोक मान खाली घालून ऐकत राहिले. शेवटी आमच्या गल्लीतले म्हातारे तबलजी जवळ आले आणि म्हणाले, "बाई, एवढी गाणी झाली, एकाच्या तोंडून 'वा' निघाला नाही. आपण त्यांना मानानं बोलावलं होतं का सांत्वनाला?" मला रात्रभर झोप आली नाही. त्यांचं बरोबर होतं. कलावंताला हळहळ नको असते, दाद हवी असते. त्यांनी काय सोसलं हे सांगायचंच, पण त्यांनी काय गायलं ते माणसांच्या कानात आधी बसलं पाहिजे.

म्हणून सुरुवात आनंदाच्या गाण्यानं करा. 23 मे 1921 रोजी न्यूयॉर्कमध्ये 'शफल अलाँग' हे संगीत नाटक आलं. संगीत युबी ब्लेक, गीतं नोबल सिसल, संहिता मिलर आणि लाइल्स या जोडीची. लिहिणारे आणि गाणारे सगळे कृष्णवर्णीय. 504 प्रयोग झाले. त्यात एका कृष्णवर्णीय जोडप्याचं खरंखुरं, थट्टा नसलेलं प्रेमगीत होतं. तोवर गोऱ्या प्रेक्षकांसमोर असं गायची सोय नव्हती. सिसल यांनी पुढे आठवण सांगितली आहे की पहिल्या रात्री ते गाणं सुरू झालं तेव्हा ते, मिलर आणि लाइल्स बाहेर पडायच्या दारापाशी जाऊन उभे राहिले होते, प्रेक्षक अंगावर आले तर पळता यावं म्हणून. बिचारे ब्लेक पियानोवर अडकलेले. पण कुणी काही फेकलं नाही, उलट टाळ्या पडल्या. ही गोष्ट सांगून लगेच ते प्रेमगीत लावा, मग बघा लोक कसे ऐकतात.

इथेच एक सावधगिरी. दुसऱ्या वर्षी क्लासमधला एक मुलगा हौसेनं तोंडाला काजळी फासून आला, स्नेहसंमेलनात करतात तशी. त्याला ओरडले नाही, बाजूला घेऊन बर्ट विल्यम्स यांच्याबद्दल सांगितलं. 1903 साली 'इन डाहोमी' हे विल मॅरियन कुक यांच्या संगीताचं नाटक ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाटकवस्तीच्या, मोठ्या थिएटरात लागलं. कृष्णवर्णीयांनी लिहिलेलं आणि केलेलं तिथलं ते पहिलं पूर्ण लांबीचं संगीत नाटक. पुढे ते लंडनलाही गाजलं. त्यात विल्यम्स आणि जॉर्ज वॉकर ही जोडी होती. गोरे नट जळक्या बुचाची काजळी फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करत, आणि ती रीत एवढी रुळली होती की स्वतः कृष्णवर्णीय असलेल्या विल्यम्स यांनाही तीच काजळी लावून उभं राहावं लागे. आपल्या चेहऱ्यावर आपलाच खोटा चेहरा. मुलगा गुपचूप तोंड धुवून आला आणि त्या दिवशी निवेदन त्यानंच केलं. वेशभूषा कसलीच करू नका. नाव घ्या, गाणं ऐकवा.

नावाचा आमचा क्रम ठरलेला आहे. आधी गाणाऱ्याचं नाव, मग गाणं, मग संगीतकार. यातली बरीच प्रसिद्ध गाणी गोऱ्या संगीतकारांची आहेत, ते लपवायचं नाही. पण आजची संध्याकाळ ज्यांनी ती गाणी उभी केली त्यांची आहे. नावं देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहून मुलांकडून पाठ करून घ्या. पाहुण्याचं नाव चुकीचं घेणं आपल्याकडे चालत नाही, इथेही चालू नये.

रोबसन यांच्या गाण्याला मी सगळ्यात जास्त वेळ देते. 'ओल मॅन रिव्हर' हे 'शो बोट' या संगीत नाटकातलं, मिसिसिपी नदीवरचं गाणं, जेरोम कर्न यांची चाल, ऑस्कर हॅमरस्टाइन यांचे शब्द. 1927 साली ते पहिल्यांदा रंगमंचावर गायलं ज्यूल्स ब्लेडसो यांनी, त्यांचंही नाव घ्या. रोबसन यांनी ते 1928 साली लंडनला गायलं आणि मग ते त्यांचंच झालं. लावायच्या आधी मी पेटीवर नुसते सा रे ग प ध वाजवते. मुख्य चाल बहुतांशी याच पाच स्वरांवर चालते. भूप शिकलेली पोरं लगेच माना वर करतात. मधल्या कडव्यात घाम गाळणाऱ्या हमालांचं वर्णन येतं, तिथे चालीचा रंग पालटतो, आणि पुन्हा नदीकडे आली की ती सरळ वाहायला लागते. हे आधी पेटीवर दाखवलं की इंग्रजी न येणारा माणूसही गाण्यात कुठे आहोत ते चुकत नाही.

अर्थ मराठीत वाचून दाखवा, पण रोजच्या बोलीत. मिसिसिपीची भीमा किंवा चंद्रभागा करू नका. नदी त्यांची आहे, तिथेच राहू द्या. त्या गाण्यातले हमाल जे उचलतात त्याला मात्र आपल्याकडे नेमका शब्द आहे: गाठ. कापसाची गाठ. मी पहिल्यांदा तो शब्द वाचला तेव्हा मागे बसलेल्या एका आजोबांनी हात वर केला. सगळा जन्म गिरणीच्या ब्लोरूममध्ये गाठी फोडण्यात गेलेला माणूस. त्यांनी विचारलं, "किती किलोची गाठ?" तिथली मला ठाऊक नव्हती. मी म्हटलं, आपल्याकडची 170 किलोची. "मग हा माणूस खोटं गात नाही," म्हणाले, आणि डोळे मिटून बसले. माझे वडील त्याच खात्यात होते. मला पुढचं वाक्य वाचायला थोडा वेळ लागला.

गाणं दोनदा लावा. आधी 'शो बोट' च्या 1936 च्या चित्रपटातलं, मग त्यांच्या नंतरच्या मैफलींमधलं. मूळ गाण्याच्या शेवटी थकलेला, जगण्याला कंटाळलेला माणूस आहे. रोबसन यांनी शब्द बदलले आणि तिथे शेवटपर्यंत झुंजणारा माणूस आणून उभा केला. चाल तीच, कणा बदलला. त्यांच्या राजकीय मतांमुळे 1950 साली अमेरिकेनं त्यांचा पासपोर्ट काढून घेतला, तो 1958 साली परत मिळाला. हे दुसऱ्या गाण्यानंतर सांगा, आधी नको. आणि त्याला जोडून भूपेन हजारिकांचं गंगेवरचं गाणं लावा. हजारिका न्यूयॉर्कला शिकत असताना रोबसन यांना भेटले आणि त्या प्रभावातून आधी असमियात ब्रह्मपुत्रेकाठच्या लोकांचं गाणं केलं. हे सगळ्यांच्या ओळखीचं असतं, लोक आपोआप म्हणायला लागतात. बार्शीचे शाहीर अमर शेख यांचंही एखादं ध्वनिमुद्रण मिळालं तर इथेच ठेवा. तुलना करत बसू नका, नुसतं शेजारी ठेवा.

'पोर्गी अँड बेस' (1935) या ऑपेरातून, म्हणजे गाण्यातूनच चालणाऱ्या नाटकातून, अंगाई घ्या, 'समरटाइम'. रंगमंचावर ती पहिल्यांदा गायली ॲबी मिचेल यांनी. या बाई 1898 साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, 'क्लोरिंडी' या संगीत नाटकात उभ्या राहिल्या होत्या. म्हणजे सदतीस वर्षं हे क्षेत्र त्यांनी अंगावर झेललेलं. आणि पोर्गी झालेल्या टॉड डंकन यांची गोष्ट सांगा. 1936 साली वॉशिंग्टनच्या नॅशनल थिएटरात कृष्णवर्णीय प्रेक्षकांना बंदी होती. डंकन म्हणाले, माझ्या लोकांना आत घेणार नसाल तर मी गाणार नाही. मधल्या तडजोडी पुढे आल्या, त्याही नाकारल्या. शेवटी थिएटरला सगळ्यांसाठी दार उघडावं लागलं. या गोष्टीला आमच्याकडे दरवर्षी टाळ्या पडतात.

एथेल वॉटर्स यांचं गाणं कुठे ठेवायचं हे मला तीन वर्षांनी कळलं. 1933 च्या 'ॲज थाउजंड्स चीअर' या विनोदी कार्यक्रमात प्रत्येक प्रवेशाआधी वर्तमानपत्राचा मथळा दिसे. एक मथळा झुंडीनं मारलेल्या एका अनोळखी कृष्णवर्णीय माणसाचा होता. त्यानंतर एथेल येऊन गातात: जेवणाची वेळ झालीय, ताटं मांडायचीत, आणि बाप आता घरी येणार नाही हे पोरांना कसं सांगू? संगीतकार अर्विंग बर्लिन. आम्ही एकदा समोर खरंच स्टीलचं ताट ठेवलं होतं. पुढच्या वर्षी काढून टाकलं, त्यांच्या आवाजात ताट आहेच. हे गाणं शेवटाला ठेवू नका, नाहीतर लोक जड होऊन घरी जातात. साधारण चौथं ठेवा आणि त्यानंतर पाच मिनिटं पाणी, ताक आणि शेंगाचटणी-भाकरी.

मध्यंतरानंतर तरुण पोरांना आवडेल ते. जेनिफर हॉलिडे यांचा 1982 च्या टोनी पुरस्कार (ब्रॉडवेच्या नाटकांचा मोठा मान) सोहळ्यातला व्हिडिओ भिंतीवर दाखवा, 'ड्रीमगर्ल्स' मधलं पहिल्या अंकाच्या शेवटचं गाणं. नाटक उघडलं तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या. श्वास कुठे घेतात ते माझ्या विद्यार्थिनी मोजतात, आणि मग आपल्या तानांकडे नव्यानं बघतात. लहान मुलं असतील तर 1975 च्या 'द विझ' या संगीत नाटकातलं एखादं गाणं घ्या. त्याला सात टोनी मिळाले, दिग्दर्शन आणि वेशभूषा या दोन्हींचा जेफ्री होल्डर यांना. शेवटी गायिका-नटी ऑड्रा मॅकडोनल्ड. अभिनयाचे सहा टोनी, चारही विभागांत. एवढं सांगून गप्प बसा आणि ऐकवा.

स्वतः गायचं असेल तर एकच गाणं गा, आपल्या आवाजात, आपल्या पट्टीत. त्यांच्या उच्चारांची नक्कल नको, ती काजळीचीच धाकटी बहीण आहे.

शेवटची पंधरा मिनिटं रिकामी ठेवा, वन्स मोअरसाठी. लोकांनी काय मागितलं ते वहीत लिहून ठेवा, पुढच्या वर्षीची यादी त्यातूनच होते. गेल्या वर्षी मला वाटलं होतं रोबसन मागतील. पण भाकरी घेऊन आलेल्या पद्मशाली मावशी, ज्या दिवसभर विड्या वळतात, त्या जिन्यातूनच म्हणाल्या, "ते ताट मांडणारीचं पुन्हा लावा की, मघाशी मी खाली होते." लावलं. त्या पायरीवरच बसल्या. गाणं संपलं तेव्हा दहाला पाच कमी होते. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, "वा, बाई" म्हणाल्या, आणि रिकामी दुरडी घेऊन उतरल्या.