केंद्रप्रमुखाचं पहिलं सत्र: यादी दसऱ्यापासून उलटी लिहा

केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटाचा, केंद्राचा, प्रमुख. त्या पदाचा आदेश हातात पडला की दोन दिवस ग्रुपवर अभिनंदनाचे गुच्छ पडतात. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन येतो, "साहेब, आमच्या शाळेतला पोषण आहाराचा तांदूळ संपलाय." कालपर्यंत सर होतात, आज साहेब झालात. ही यादी त्या फोनच्या आधी, मे महिन्यातच वाचलेली बरी.

मी बालाघाटाच्या डोंगरात, बीड जिल्ह्यात एक केंद्र सांभाळलं. दोन मोठी गावं सोडली तर बाकी वाड्या-तांडे. कागदावर पहिलं सत्र जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत चालतं. आमच्याकडे ते दसऱ्याला संपतं. दसरा झाला की मुकादमाकडून, म्हणजे ऊसतोडीच्या ठेकेदाराकडून, घेतलेली उचल (आगाऊ पैसे) फेडायला कोयते, म्हणजे ऊसतोड करणाऱ्या जोड्या, निघतात आणि त्यांच्यामागे पोरंही निघतात. म्हणून कॅलेंडर समोर घ्या, दसऱ्याभोवती लाल गोल करा आणि तिथून मागे मागे येत कामं लिहा. तुमच्या केंद्रातून कोणी ऊसतोडीला जात नसेल, तर पोरं वीटभट्टीला जातात का, भातलावणीला घरी थांबतात का, ते विचारून घ्या. अशी एखादी तारीख प्रत्येक केंद्राला असतेच.

पदभार घेताना नुसत्या सह्या करू नका. आधीच्या केंद्रप्रमुखांसोबत तासभर बसा आणि अडकलेले प्रस्ताव तोंडी विचारा. कोणत्या खोल्यांच्या निर्लेखनाचा, म्हणजे मोडकळीला आलेली खोली वापरातून काढून पाडण्याचा, कागद कुठल्या टेबलावर आहे, कोणत्या पोराच्या घरचं अपघात सानुग्रह अनुदान राहिलंय, कोणत्या शाळेची वीज बिलापायी तोडलीय. फाइलीत यातलं निम्मंच सापडतं.

मग सुट्टीतच सगळ्या शाळांवर एक चक्कर मारा. पोरं नसताना इमारत नीट दिसते. मान वर करून छत बघा, गंज फुगून सुटलेला गिलावा बघा, कुंपणाच्या भिंतीला हात लावून बघा. 2025 च्या जुलैमध्ये राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यात पिपलोदी गावच्या सरकारी शाळेचं छत कोसळून सात मुलं गेली. निर्लेखनाला अभियंत्याचा पाहणी अहवाल लागतो, मंजुरी लागते, महिने जातात. कुलूप लावायला मात्र कोणाची मंजुरी लागत नाही. धोकादायक खोली पहिल्याच दिवशी बंद करा, चावी मुख्याध्यापकांकडे ठेवा आणि तसं लेखी कळवा. वर्ग झाडाखाली किंवा समाजमंदिरात भरवावा लागेल, गावात कुरकुर होईल, होऊ द्या. त्याच फेरीत मुलींच्या शौचालयाला पाणी आहे का तेवढं बघा. रंगरंगोटीकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल.

पाठ्यपुस्तकं तालुक्याहून केंद्रशाळेत येतात आणि तिथून शाळांना जातात. इयत्तावार मोजून घ्या, डोंगरावरच्या शाळेचा गठ्ठा सगळ्यात आधी पाठवा. प्रवेशोत्सवाला पुढारी नाही आले तरी चालेल, पुस्तकं पोचली पाहिजेत.

आता ग्रुपबद्दल. वरून "तात्काळ" म्हणून आलेला निरोप जसाच्या तसा खाली ढकलणं ही या खुर्चीची सगळ्यात जुनी सवय आहे. तुम्ही पोस्टमन झालात की शिक्षक कारकून होतो, आणि दुसरीचा वर्ग तेवढा वेळ उघडा पडतो. यावर उपाय साधा आहे. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात स्वतःची एक वही करा. प्रत्येक शाळेला एक पान: अकरा अंकी यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), इयत्तावार आणि संवर्गवार पट, मुलं-मुली, खोल्या, शौचालयं, वीज, पाणी, शिक्षकांची नावं आणि रुजू तारखा. वरून येणाऱ्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं या वहीतच असतात. ती तुम्ही द्या. शिक्षकाला फोन फक्त वहीत नसलेल्या गोष्टीसाठी, तोही शाळा सुटल्यावर.

बैठकांचंही तसंच. द्विशिक्षकी शाळेतल्या एकाला बोलावलं की ती शाळा त्या दिवशी एकशिक्षकी होते, आणि एकशिक्षकीतून बोलावलं की बंदच पडते. केंद्रातल्या शिक्षकांची महिन्याची शिक्षण परिषद आहेच. बाकीचं सगळं तिच्यात बसवा, नाहीतर सोडून द्या. परिषद दर वेळी केंद्रशाळेतच घेऊ नका, एकदा तांड्यावरही होऊ द्या. पहिला तास खऱ्या पोरांसमोर खरा पाठ व्हावा, परिपत्रकांचं वाचन शेवटी दहा मिनिटं. चहा-पोह्यांचा खर्च यजमान शाळेच्या बाईंच्या पर्समधून जात नाही ना, एवढं बघा. तो जातोच, म्हणून सांगतोय.

शाळा भरल्यावर पहिली भेट सगळ्यात लांबच्या, सगळ्यात लहान शाळेला द्या. परिपाठाच्या आधी पोचा. मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसू नका, दुसरी-तिसरीच्या पोरांसोबत सतरंजीवर बसा. एकेकाला जवळ घेऊन एक परिच्छेद वाचायला द्या, एक वजाबाकी द्या, आणि अडलं त्याचं नाव वहीत लिहा. टक्केवारी नको, नाव लिहा. निपुण भारत या केंद्र सरकारच्या मोहिमेचं उद्दिष्ट 2026-27 पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, साधी गणितं करता यावीत असं आहे. अहवालात ते आलेख होऊन दिसतं. सतरंजीवर तीच गोष्ट म्हणजे कुणी सुनीता असते, जोडाक्षर आलं की थांबणारी.

तांड्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पहिलीतलं पोर घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतं. ते गप्प बसलं म्हणजे त्याला येत नाही असं नाही, त्याला तुमचा प्रश्नच कळलेला नसतो. तिथल्या गुरुजींना घरची बोली येते का विचारा. येत नसेल तर चौथीतल्या एखाद्या मुलीला दुभाषी करा. पन्नासेक शब्दांचा तक्ता भिंतीवर लागला तरी जुलै वेगळा जातो.

शाळाभेटीचा शेरा जिच्यात लिहितात त्या शेरेबुकाबद्दल माझीच चूक सांगतो. पहिल्या वर्षी एका बाईंच्या शेरेबुकात मी "अध्यापनात सुधारणा आवश्यक" असं लिहून आलो. नंतर कळलं, त्या चार इयत्ता एकट्या सांभाळत होत्या आणि वर बीएलओचं (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं) मतदारयादीचं काम त्यांच्याच गळ्यात होतं. शेरा शाईचा, खोडता येत नाही. पुढच्या भेटीत त्याच पानाखाली मी लिहिलं, "दुसऱ्या शिक्षकाची मागणी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे मी स्वतः केली." तेव्हापासून एक नियम केला: शेऱ्यात शिक्षकाने काय करावं याच्या एका ओळीमागे मी काय करणार याची एक ओळ.

पोषण आहाराला तारखांची गरज नाही, सवय लावून घ्या. अचानक जा आणि पोरांसोबत जेवा. पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम तांदूळ आणि सहावी ते आठवीला 150 हे हिशेबात असतं. वजनकाटा चालू आहे का, ते मात्र स्वयंपाकघरातच कळतं. चव रजिस्टरवर आठवड्याच्या सह्या एका पेनाने, एका दमात झाल्यात का, ते डोळ्यांना लगेच कळतं. आणि स्वयंपाकीण ताईंना मानधन कधीचं थकलंय ते विचारा. हा प्रश्न त्यांना फारसं कोणी विचारत नाही.

तक्रारपेटी स्वतः उघडा, सखी सावित्री समितीतल्या, म्हणजे शाळेतल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या समितीतल्या, बाई सोबत असताना. चिठ्ठी निघाली तर ती तिथेच मोठ्याने वाचू नका.

जुलैतच आधारचं काम धरा. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते, 30 सप्टेंबरच्या पटावर ठरते आणि पटात सहसा आधार जुळलेली मुलं मोजली जातात. आमच्याकडची काही पोरं साखर कारखान्याच्या तळावर जन्मलेली, जन्माची नोंद दुसऱ्याच जिल्ह्यात, नाहीतर नाहीच. नावात एक वेलांटी चुकली तरी नोंद अडते. सप्टेंबरात धावाधाव केलीत तर मशीनवाला मिळत नाही, आणि दोन पोरांपायी पुढच्या वर्षी एक शिक्षक जातो. शिबिर शाळेतच लावा, बाजाराचा दिवस सोडून.

ऑगस्टअखेर प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समितीची बैठक लावा आणि तिला स्वतः हजर राहा. कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. आमच्याकडे अध्यक्षच ऊसतोडीला जातो, दसऱ्यानंतर गणपूर्ती होत नाही. म्हणून हंगामी वसतिगृहाचा, म्हणजे आईबाप ऊसतोडीला गेल्यावर गावात थांबणाऱ्या पोरांच्या सोयीचा, निर्णय याच बैठकीत लागतो: कोणतं पोर आजी-आजोबांकडे थांबणार, जेवण कोण करणार, संध्याकाळी अभ्यासाला कोण बसणार. पालकांना "पोराला ठेवून जा" एवढंच सांगू नका. अकरा वर्षांची पोरगी मागे ठेवायला आई का घाबरते ते आधी ऐकून घ्या. रात्री तिच्याजवळ कोण असेल, याचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर तुमचा आग्रह फुकट आहे.

पहिल्या सत्राची संकलित चाचणी दिवाळीच्या तोंडावर येते, तोवर निम्मा वर्ग रिकामा. म्हणून नवरात्राच्या आधीच आपली साधी पडताळणी उरका. जूनमधली नावांची वही काढा आणि त्याच पोरांना पुन्हा वाचायला लावा. सुनीता जोडाक्षराला थांबते का बघा. जी अजून अडतात त्यांना उरलेल्या दिवसांत रोज अर्धा तास वेगळा द्या.

जाणाऱ्या प्रत्येकाचं शिक्षण हमी कार्ड, म्हणजे तिकडच्या शाळेत दाखवायचं कार्ड, भरून ठेवा. त्यात इयत्ता असतेच, पण कुठवर वाचता येतं हेही पेनाने लिहा. कारखान्याचं नाव मुकादमाकडून काढा आणि तिकडच्या केंद्रप्रमुखाला स्वतः फोन करा. सांगली-कोल्हापूरकडचे लोक फोन उचलतात, माझा अनुभव चांगला आहे. कर्नाटकात गेलेल्यांसाठी गोष्टीची दोन पुस्तकं आणि एक वही, याहून जास्त मला काही जमलं नाही.

ट्रॅक्टर भरतात त्या दिवशी दौरा दुसरीकडे ठेवू नका. यादी खिशात घेऊन तांड्यावर उभे राहा. ट्रॉलीत बसलेल्यांच्या नावापुढे कारखाना लिहा. थांबलेल्यांच्या घरी जा आणि संध्याकाळचं जेवण शाळेत किती वाजता आहे ते आजीला सांगून या.