मॉर्निंग्टनची पिनो न्वार पिताना या चुका टाळा

मेलबर्नमध्ये राहणाऱ्या मराठी घरात भारतातून पाहुणे आले की एक दिवस मॉर्निंग्टन पेनिन्सुलाचा ठरलेला असतो. गाडीने साधारण तासाभराचा रस्ता. एका बाजूला पोर्ट फिलिपचा उपसागर, दुसऱ्या बाजूला वेस्टर्न पोर्ट आणि दक्षिणेला बास सामुद्रधुनी. तिन्ही बाजूंच्या समुद्रामुळे इथली द्राक्षं सावकाश पिकतात, आणि म्हणूनच इथे मुख्य लागवड पिनो न्वार या काळ्या द्राक्षाची आहे. त्याच्या रेड वाइनलाही तेच नाव. ही वाइन मला मनापासून आवडते. त्यामुळे तिच्या बाबतीत दरवेळी त्याच त्या चुका होताना पाहिल्या की जीव तुटतो.

रंगावरून निकाल देणं

माझे दाजी दिंडोरीचे. तीस वर्षं द्राक्षबाग सांभाळणारा माणूस. पेनिन्सुलावरच्या रेड हिलला पहिला ग्लास उजेडात धरून ते म्हणाले, "ह्यात पाणी घातलंय का रे?" ग्लासातून पलीकडची बोटं दिसत होती. हा प्रश्न मला आजवर किमान वीस जणांनी विचारला असेल, पण दाजींना उत्तर एका वाक्यात पटलं: पिनोची साल पातळ असते. लाल रंग सालीतून येतो, गरातून नाही. पातळ सालीत रंग कमी, तुरटपणाही कमी. दाजींनी लगेच विचारलं, "मग पावसात कुजत असेल?" हो, कुजते. घड घट्ट असतात, दमट हवेत बुरशी धरते, म्हणून बागायतदार पानं विरळ करून वारा खेळता ठेवतात. ते त्यांना मी सांगायची गरज पडली नाही.

गडद म्हणजे चांगली, हा समज दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बरोसासारख्या गरम भागातल्या शिराझ या गडद रेड वाइनवरून आला आहे. तो इथे लावू नका. इथल्याच याबी लेक वाइनरीच्या 2012 सालच्या 'ब्लॉक 1' पिनोला 2013 मध्ये जिमी वॉटसन ट्रॉफी, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या नव्या रेड वाइनसाठीचं मानाचं बक्षीस, मिळाली. हा मान मिळवणारी ती पहिलीच पिनो न्वार. रंग फिका असेल तर ग्लास नाकाशी न्या. चेरी, ओली माती, पालापाचोळा, जे काही आहे ते तिथे आहे.

उष्णता

ही चूक मी स्वतः केली आहे, आणि ती आठवली की अजून वाईट वाटतं.

जानेवारी महिना, 38 अंश. सकाळी मेन रिजच्या एका बागेतून तीन बाटल्या घेतल्या. ताईच्या वाढदिवसासाठी होत्या, स्वस्त नव्हत्या. मुलं समुद्रासाठी हट्ट धरून बसली, म्हणून बाटल्या डिकीत टाकून आम्ही सॉरेंटोला गेलो. चार तास गाडी उन्हात. रात्री ताईसमोर बाटली उघडली, तर चेरीच्या वासाऐवजी आटवलेल्या जॅमचा आणि जुन्या मनुकांचा वास. दुसरी उघडली, तीच गत. झाकणं स्क्रूची होती. बाहेरून ना गळती, ना काही खूण. पुढच्या महिन्यात त्याच वर्षाची तीच वाइन पुन्हा आणली आणि नीट ठेवून प्यायलो. ती पूर्ण वेगळी होती. महिनोन्‌महिने गार वाऱ्यात जे जपलं होतं, ते मी एका दुपारी शिजवून टाकलं होतं. शिजलेली वाइन फ्रिजमध्ये ठेवून दुरुस्त होत नाही.

तेव्हापासून डिकीत एस्की (थंड ठेवणारी पेटी) आणि बर्फाच्या विटा असल्याशिवाय मी निघत नाही. खरेदी दिवसाच्या शेवटी, आणि तिथून थेट घरी.

घरात पोचल्यावरही तीच काळजी. "रेड वाइन रूम टेंपरेचरला" हे युरोपातल्या थंड घरांसाठी सांगितलेलं. मे महिन्यातल्या पुण्यात ती खोली 35 अंशांची असते. पिनो 14 ते 16 अंशांना द्या. मी थर्मामीटर वापरत नाही. प्यायच्या आधी अर्धा तास फ्रिजच्या दारात, उन्हाळ्यात पाऊण तास. कोमट पिनोत नाकाला आधी अल्कोहोल जाणवतं, बाकीचं त्याखाली दबतं. आणि घाई झाली म्हणून ग्लासात बर्फ टाकणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे: बर्फाच्या पाण्यात बाटली दहा मिनिटं बुडवा, ग्लासात काही टाकू नका.

लेबल न वाचणं

"साउथ ईस्टर्न ऑस्ट्रेलिया" लिहिलेली स्वस्त पिनो घेऊन मॉर्निंग्टनला नावं ठेवू नका. त्या नावाखाली अख्खं व्हिक्टोरिया, न्यू साउथ वेल्स, टास्मानिया आणि आणखी बराच प्रदेश येतो. बाटलीवर मॉर्निंग्टन पेनिन्सुला असेल तर किमान 85 टक्के द्राक्षं तिथली असावी लागतात. "रिझर्व्ह" या शब्दाला मात्र इथे कायद्याची व्याख्या नाही. त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

एकाच बागेवरून मत बनवणं

रेड हिल, मेन रिज उंचावर, लाल ज्वालामुखी मातीत, जास्त थंडीत. मूरूडक खाली, थोडं उबदार, तोडणी लवकर. दोन्हीकडची एकेक बाटली शेजारी ठेवून प्या.

तांबड्या रश्श्याबरोबर पिणं

अल्कोहोलने तिखट अजून झोंबतं आणि नाजूक वाइन हरवते. मी अळंबी, भाजलेलं बदक किंवा कमी तिखटाचं सुकं मटण करतो. मसालेदारच हवं असेल तर लाल तिखट कमी करा, मिरी वाढवा आणि याच भागातली शिराझ उघडा. थंड हवेतल्या शिराझला मिऱ्याचा वास येतो, कारण मिऱ्यातला रोटंडोन नावाचा घटकच तिच्यात असतो.

चार बागा आणि गाडी

व्हिक्टोरियात गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा 0.05 टक्के, नवशिक्या चालकाला शून्य. साडेतेरा टक्क्यांच्या एका बाटलीत इथल्या हिशेबाने सुमारे आठ स्टँडर्ड ड्रिंक्स (एकात 10 ग्रॅम अल्कोहोल) असतात. चाखून थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरण्यात काही कमीपणा नाही. चालवणारा आधी ठरवा. आणि एका दिवसात दोनच बागा. सहा-सहा उरकणाऱ्यांना संध्याकाळी एकही वाइन आठवत नाही.

उरलेली बाटली ओट्यावर

झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये, दोन दिवसांत संपवा. तिसऱ्या दिवशी मी ती अळंबीच्या भाजीत घालतो.